कुरळे केस घरच्या घरी: नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

केस ओले असताना छान वळणं घेतात आणि वाळले की पिंजारतात, अशी तुमची तक्रार असेल, तर बहुधा तुमचे केस कुरळे किंवा निदान लाटदार आहेत आणि आजवर त्यांना सरळ केसांच्या रीतीनं वागवलं गेलंय. आपल्याकडे हे सर्रास होतं. न्हाऊन आलं की टॉवेलनं खसाखसा पुसायचं, वाळल्यावर बारीक दातांच्या फणीनं गुंता ओढून काढायचा, वर तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घालायच्या. मुलगा असेल तर केस बारीक कापून मोकळं व्हायचं. मग मोठेपणी लग्नकार्याच्या आधी कुणीतरी सुचवतं, 'एकदा स्ट्रेटनिंग करून घे ना.' त्याआधी दोन-तीन महिने केसांना त्यांच्याच वळणानं वागवण्याचा हा प्रयोग करून बघा, असं मला मनापासून सांगायचंय. लागणाऱ्या वस्तू थोड्या आहेत, निम्म्या घरातच सापडतील.

आपले केस कुरळे आहेत की नाहीत याचीच शंका असेल, तर एकदा शाम्पू-कंडिशनर करा, काहीही लावू नका, विंचरू नका, हात न लावता पूर्ण वाळू द्या. बटा इंग्रजी 'एस' अक्षरासारख्या वळल्या तर केस लाटदार, गोल गुंडाळल्या गेल्या तर कुरळे. 2ए, 3बी अशी केसांच्या वळणांची वर्गवारी तुम्ही कुठेतरी वाचली असेल. अमेरिकी टीव्ही सूत्रसंचालिका ऑप्रा विन्फ्रेचा केशरचनाकार आंद्रे वॉकर याच्या पद्धतीवरून ती आली. नाव म्हणून ठीक आहे, पण त्यात फार अडकू नका, कारण एकाच डोक्यावर मानेजवळ घट्ट कुरळे आणि वर नुसत्या लाटा असं सहज असतं.

असं का होतं

केसाचं मूळ त्वचेत जिथे असतं ती पिशवी सरळ केसांत उभी आणि गोल असते, कुरळ्या केसांत ती वाकडी आणि लंबगोल असते. त्यामुळे केस वळत वळतच बाहेर येतो. टाळूवर तयार होणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून झरझर खाली उतरतं, वळणावळणाच्या केसावरून ते टोकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून टाळू तेलकट आणि टोकं कोरडी, ही तक्रार एकाच डोक्यावर असते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. केसाच्या आत प्रथिनांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध असतात. पाणी लागलं की ते सुटतात आणि केस वाळताना नव्यानं जुळतात. म्हणजे केस ज्या आकारात वाळेल तोच आकार पुढच्या पाण्यापर्यंत राहतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की जे काही करायचं ते केस चिंब ओले असताना करायचं, आणि त्यानंतर ते पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. खाली जे काही लिहिलंय ते सगळं या एका नियमातून निघतं. अर्धवट वाळलेल्या केसांतून नुसती बोटं फिरवली तरी बटा सुटतात आणि केस फुलतात.

काय काय लागेल

सल्फेट नसलेला किंवा सौम्य शाम्पू, साधा पण भरपूर वापरता येईल असा कंडिशनर, मोठ्या दातांचा कंगवा, केसांचं जेल आणि एक मऊ सुती कपडा. कपड्यासाठी विकतचा मायक्रोफायबर टॉवेल नसला तरी चालतं. जुना टी-शर्ट, किंवा धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचा तुकडा त्याहून कमी नाही. नेहमीच्या टॉवेलचे फासे केसांत अडकतात, म्हणून तो अंगापुरताच.

बाटली घेताना मागची बाजू वाचा. 'सोडियम लॉरिल सल्फेट' किंवा 'सोडियम लॉरेथ सल्फेट' वरच्या दोन-तीन नावांत असेल तर फेस भरपूर येईल आणि केस कोरडे पडतील. 'कोकामिडोप्रोपिल बीटेन', 'डेसिल ग्लुकोसाइड' असली नावं सौम्य. कंडिशनरमध्ये '-कोन' किंवा '-कोनॉल' असा शेवट असलेली नावं म्हणजे सिलिकोन. सिलिकोन विषारी वगैरे काही नाही. केस चमकतात, गुंता कमी होतो. फक्त त्यातली बरीचशी पाण्यात विरघळत नाहीत आणि सौम्य शाम्पूनं नीट निघत नाहीत, म्हणून थर साचतो. सुरुवातीला ती टाळलीत तर आपल्या केसांचा मूळ स्वभाव लवकर कळेल.

शाम्पू अजिबात बंद करून नुसत्या कंडिशनरनं केस धुण्याची एक पद्धत इंटरनेटवर बरीच चालते. आपल्या हवेत मी ती सुचवणार नाही. मुंबई-कोकणात घाम, बाकीकडे धूळ, त्यात आपण तेल लावणारी माणसं. टाळू स्वच्छ राहिली नाही तर खाज आणि कोंडा ठरलेला. आठवड्यातून एक-दोनदा डोक्यावरून अंघोळ आणि प्रत्येक वेळी टाळूला शाम्पू, हे धरून चला. रोज व्यायाम करणाऱ्यांनी, हेल्मेट घालणाऱ्यांनी तीनदा धुवायलाही हरकत नाही.

पहिली धुणी

अगदी पहिल्या वेळी मात्र घरातला नेहमीचा, फेस येणारा सल्फेटचा शाम्पूच वापरा. जुनं तेल, सिलिकोन, सीरम यांचा थर उतरल्याशिवाय नवं काही केसाला लागतच नाही. नंतरही महिन्यातून एकदा अशी कसून धुणी करावी.

तेल लावायचं तर न्हाण्याआधी. खोबरेल तेलाबद्दल आपल्या आज्या सांगत आल्या ते इथे बरोबर ठरलंय. 2003 साली मॅरिको या कंपनीच्या मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली, तेव्हा केसातून होणारी प्रथिनांची झीज फक्त खोबरेल तेलानं लक्षणीय कमी झाली. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं, बाकीची दोन तेलं वरच राहतात. तासभर आधी मधल्या लांबीला आणि टोकांना लावलं तरी पुरे. कोंडा असेल तर टाळूवर तेल थापू नका. कोंड्याशी संबंधित असलेली मॅलासेझिया ही बुरशी तेलावरच जगते.

आता प्रत्यक्ष धुणं. पाणी कोमट, कढत नको. शाम्पू फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही. केसांची लांबी चोळत बसू नका. पाणी ओतताना खाली उतरणाऱ्या फेसानं ती पुरेशी स्वच्छ होते.

मग कंडिशनर. इथे घाई करू नका. कानाच्या खालच्या केसांना भरपूर लावा आणि बोटांनी गुंता सोडवा. सुरुवात टोकांपासून, मग हळूहळू वर. बोटांनी बराच गुंता सुटला की मोठ्या दातांचा कंगवा फिरवा. कंगवा लागण्याची हीच एक वेळ. लहान मुलांचे केसही कोरडे असताना विंचरू नका. कंडिशनर लावून बादलीशेजारी पाटावर बसवा आणि एकेक बट हातात धरून, धरलेल्या जागेच्या खालीच विंचरा, म्हणजे मुळाला ओढ बसत नाही आणि रडारड होत नाही.

पहिल्या एक-दोन वेळा कंगव्यात केसांचा मोठा पुंजका येईल. घाबरू नका. माणसाचे रोज साधारण 50 ते 100 केस गळतातच. रोज विंचरणाऱ्याला ते दिसत नाहीत, आपण आठवड्यातून दोनदाच विंचरतो म्हणून तीन-चार दिवसांचे एकदम दिसतात. टाळू दिसू लागली, भांग रुंदावत गेला किंवा चट्टे पडले तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

कंडिशनर केसांत असतानाच डोकं पुढे झुकवा, ओंजळीत पाणी घ्या, टोकं ओंजळीत धरून वर टाळूकडे दाबा आणि सोडा. पुन्हा पाणी, पुन्हा दाबा. पचक-पचक असा आवाज यायला हवा. आवाज येत नसेल तर पाणी कमी पडतंय. पाच-सात वेळा केलं की नुसते लोंबणारे केस बटांमध्ये गोळा होताना हाताला कळतात. मग अगदी हलकं पाणी घालून वरवरचा कंडिशनर काढा. केस थोडे बुळबुळीत राहिले तरी चालतील, पण बारीक आणि विरळ केस असतील तर पूर्ण धुवा, नाहीतर चापून बसतात.

जेल, आणि मग हात मागे

न्हाणीघरातून बाहेर येऊ नका. केसांतून पाणी ठिबकत असतानाच जेल लावायचं आहे. खांद्यावर टॉवेल घ्या आणि तिथेच उभ्या उभ्या उरका. जेल दोन्ही तळव्यांना पसरा, हात जोडल्यासारखे करून मध्ये एक बट धरा आणि वरून खाली सरकवा. सगळीकडे असं झालं की डोकं खाली झुकवून पुन्हा ओंजळीनं वर दाबा. त्यानंतर सुती कपड्यानं दाबून दाबून जास्तीचं पाणी टिपा. चोळायचं नाही, पिळायचं नाही.

हवं तर कपडा गादीवर पसरा, सगळे केस पुढे त्यावर गोळा करा, कपडा डोक्यावर घेऊन मागे गाठ मारा आणि दहा-पंधरा मिनिटं तसेच राहा. चहा होईपर्यंत पुरे. जास्त वेळ ठेवलं तर मुळाकडचे केस विचित्र दिशांना वळतात.

मग वाळू द्या. पंखा मोठा करून त्याखाली बसू नका; जेल बसायच्या आत वारा बटा विस्कटतो. घाई असेल तर ड्रायरला डिफ्यूझर (हवा पसरवणारं भोकांचं तोंड) लावून, मध्यम उष्णतेवर, लांबून. वाळताना केस कडक होतील, कागदासारखा आवाज येईल. इथेच नवी माणसं बिचकतात आणि जेल धुऊन टाकतात. तो कडकपणा म्हणजे जेलचं कवच आहे, आणि आत बटा शांतपणे वाळतायत. मुळापासून पूर्ण वाळल्यावर हाताला खोबरेल तेलाचे दोन थेंब लावा आणि केस मुठीत हलके चुरगाळा. कवच मोडतं, केस मऊ होतात आणि बटा तशाच राहतात.

जवसाचं जेल

विकतचं जेल घेण्याआधी हे करून बघा. विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी घरोघरी होते, तेच हे जवस. अळशी म्हणूनही मिळतं.

पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी. जवस भाजलेलं नको, कच्चंच हवं आणि अख्खं हवं. मध्यम आचेवर ठेवा आणि ढवळत राहा, नाहीतर बुडाला चिकटतं आणि फेस वर येऊन शेगडीवर सांडतो. पाच-सहा मिनिटांनी पाणी दाट व्हायला लागेल. त्यानंतर भांड्यासमोरून हलू नका. चमचा उचलल्यावर थेंब न पडता पातळ तार लोंबली, अंड्याच्या पांढऱ्यासारखी, की गॅस बंद. आणखी दोन मिनिटं ठेवलं तर इतकं घट्ट होतं की गाळताच येत नाही. थंड झाल्यावर ते अजून दाटणार आहे, हे लक्षात ठेवून थोडं पातळ असतानाच थांबवलेलं बरं.

गाळायचं गरम असतानाच. चहाच्या गाळणीची भोकं लगेच बुजतात. पातळ मलमलचा तुकडा किंवा धुतलेला नायलॉनचा पायमोजा पातेल्यावर ताणून त्यात ओता, आणि सांडशीनं किंवा चिमट्यानं वरून दाबत आणा. हातानं पिळू नका, भाजतं. उरलेलं जवस पुन्हा कमी पाण्यात उकळलं तर थोडं जेल अजून निघतं.

त्यात परिरक्षक काही नसतं, म्हणून स्वच्छ बाटलीत, फ्रिजमध्ये, आठवडाभर. वास बदलला की टाकून द्या. जास्त झालं तर बर्फाच्या साच्यात गोठवा आणि न्हायच्या दिवशी दोन-तीन वड्या आधी काढून ठेवा. घरची कोरफड घालायची तर पान कापून थोडा वेळ उभं ठेवा. त्यातून निथळणारा पिवळा चीक त्वचेला खाज आणतो, तो जाऊ द्या आणि आतला पारदर्शक गरच घ्या. तो मिक्सरमधून काढून गाळला नाही तर वाळल्यावर केसांत पांढरे कण दिसतात.

प्रयोग कसे करायचे

एका वेळी एकच गोष्ट बदला. शाम्पू, कंडिशनर, जेल तिन्ही एकदम नवे आणले आणि केस बिघडले, तर दोष कुणाचा ते कळत नाही. नव्या वस्तूला निदान तीन-चार न्हाणी द्या. सगळ्यात चांगली युक्ती म्हणजे मधोमध भांग पाडून डावीकडे जवसाचं जेल आणि उजवीकडे विकतचं. दोन्ही बाजूंना हवा तीच, पाणी तेच, त्यामुळे फरक खरा दिसतो. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि पाऊस किंवा ऊन लागल्यावर असे फोटो काढून ठेवा. वहीत एक ओळ लिहिली तरी पुरते: काय लावलं, किती, हवा कशी होती.

पाण्याच्या पेल्यात केस टाकून तो बुडतो की तरंगतो हे बघायची चाचणी सोडून द्या, ती भरवशाची नाही. केस वाळायला किती वेळ लागतो ते बघा. लवकर भिजून लवकर वाळत असतील तर ते जास्त शोषणारे, रंग किंवा इस्त्रीनं बहुधा थोडे दुखावलेले. त्यांना कंडिशनर दाट हवा. पाणी वरून ओघळून जात असेल आणि वाळायला दिवस जात असेल तर हलकं, पातळ तेवढंच लावा.

ओला केस ताणून बघा. किंचित ताणून परत आला तर ठीक. ताणत ताणतच गेला आणि मऊ, लिबलिबीत लागला तर प्रथिनं असलेला केसांचा मास्क (थोडा वेळ लावून धुवायचा लेप) एकदा करून बघा. ताणताच तुटला आणि केस काडीसारखे कोरडे लागले तर प्रथिनं थांबवा आणि नुसता कंडिशनर वाढवा. तांदळाचं पाणी रोज लावणाऱ्यांचे केस कडक होतात ते बरेचदा असेच.

घरगुती उपायांपैकी काही मी स्पष्ट नको म्हणेन. खाण्याचा सोडा अल्कधर्मी असतो, केसाचे खवले उघडतो आणि केस खरखरीत करतो. लिंबाचा रस थेट टाळूवर आग करतो. अंडं गरम पाण्यानं धुतलं तर केसांतच शिजतं. केळं नुसतं कुस्करून लावलं तर त्याचे तंतू कुरळ्या केसांतून काढता काढता जीव जातो. शिकेकाई चांगली आहे, पण पूड थेट चोळू नका. रात्री भिजवून, उकळून, फडक्यानं गाळलेलं पाणीच वापरा, आणि डोळे मिटून.

पाणी आणि हवा

सगळं नीट करूनही केस राठ लागत असतील तर बादली बघा. तिच्यावर पांढरा थर असेल, साबणाचा फेस नीट येत नसेल, तर पाणी जड आहे. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार केसावर बसतात. शेवटचा तांब्या पिण्याच्या आरओ फिल्टरच्या पाण्याचा घ्या, आणि महिन्यातून एकदा 'ईडीटीए' हा क्षार धरून काढणारा घटक असलेला शाम्पू वापरा.

ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. म्हणून कोकणातल्या जुलैत ग्लिसरीन जास्त असलेलं जेल लावलं तर केस फुगतात. तेव्हा ग्लिसरीन टाळा आणि बिनग्लिसरीनच्या जेलचं प्रमाण वाढवा. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात हवेत ओढायला पाणीच नसतं, तिथे कंडिशनरचा थोडा अंश केसांत ठेवणं जास्त उपयोगी. ऊन-धुळीत बाहेर जाताना ओढणी किंवा रुमाल बांधाच.

रात्र, दुसरा दिवस, हेल्मेट

झोपताना केस डोक्याच्या अगदी वर सैल गोळा करून मऊ रबरात एकदाच अडकवा. सॅटिनची किंवा जुन्या रेशमी साडीची उशी शिवून घ्या. सुती अभ्र्यावर घर्षण जास्त होतं. सकाळी पुन्हा न्हायची गरज नाही. ओला हात फिरवा, जिथे बट सुटलीय तिथे थोडं जेल लावून ती बोटावर गुंडाळा आणि सोडा. केस ओले असताना हेल्मेट घालू नका, आणि घालताना आत पातळ सॅटिनचा स्कार्फ घ्या. पोहोचल्यावर डोकं खाली करून बोटांनी मुळं फक्त हलवा.

कापताना

कुरळा केस वाळला की आखडतो, ओला असताना जिथे कापला त्याहून बराच वर जातो. सलूनमध्ये शक्यतो कोरड्या केसांवर, ताण न देता कापायला सांगा. रेझर आणि केस विरळ करायची दातेरी कात्री नको, हे बसण्याआधीच सांगा. 'केस फार दाट आहेत, थोडे हलके करतो' असं म्हणत ती नेमकी बाहेर येते.

आधीच स्ट्रेटनिंग किंवा स्मूदनिंग केलं असेल तर तो केस पुन्हा पूर्वीसारखा वळेल याची वाट बघू नका. रसायनानं आतले पक्के बंध मोडलेले असतात, कुठलंही तेल ते जोडत नाही. नवा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे हनुवटीपर्यंत यायला दीड-दोन वर्षं. तोवर मुळाशी कुरळे आणि खाली सरळ असे दोन प्रकार एकत्र राहतील, आणि दोन्ही जिथे भेटतात ती जागा तुटण्याची सगळ्यात जास्त शक्यता असते, म्हणून तिथे गुंता सोडवताना हात हलका ठेवा. ओल्या केसांच्या सैल वेण्या घालून वाळवल्या तर दोन्ही भाग एकसारखे दिसतात. दर दोन-तीन महिन्यांनी सरळ टोकं थोडी थोडी कापत चला; एकदम कापायची तयारी असेल तर तेही चालेल.